धारेला लगाम

रेडिओवर बोलणाऱ्याची एक अडचण असते. त्याला वस्तू दाखवता येत नाही, ती शब्दांनीच श्रोत्याच्या हातात द्यावी लागते. आज जी वस्तू मला अशी तुमच्या हातात द्यायची आहे ती तशी साधीच आहे : सुताराचा रंधा. लाकूड गुळगुळीत करायचं हत्यार, एवढी त्याची ओळख सगळ्यांनाच असते. पण त्याला भाग किती, आणि प्रत्येक भाग तिथं कशासाठी बसला आहे, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतील. मी शब्दांचा माणूस, सुतार नव्हे. पण आमच्या गल्लीत एका मिस्त्रींचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी बऱ्याच दुपारी काढल्या आहेत, आणि चाचांना काम करता करता बोलायची सवय होती.

शब्दापासूनच सुरुवात करतो. आमच्या घरी दखनी बोलली जाते. तिथं या हत्याराला 'रंदा' म्हणतात. शाळेत मराठीत त्याचा 'रंधा' झाला. मूळ शब्द फारसी. गंमत अशी की इराणमध्ये आजही हा शब्द दोन ठिकाणी चालतो, सुताराच्या दुकानात आणि स्वयंपाकघरात. तिथं किसणीलाही 'रंदे'च म्हणतात. तुर्की भाषेतही तेच. 'रेंदे' म्हणजे रंधा आणि 'रेंदे' म्हणजेच किसणी. ज्या कुणी पहिल्यांदा हा एक शब्द दोन्हीकडे वापरला, त्यानं दोन्ही वस्तू अगदी नीट पाहिल्या असणार.

बटाट्याचे वेफर्स पाडायची किसणी डोळ्यांसमोर आणा. विळीवर बटाट्याची चकती कापायची तर जाडी सगळी तुमच्या हातावर. एक चकती जाड होते, दुसरी पातळ, तिसरी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पारदर्शक. किसणीवर मात्र घरातलं लहान मूलसुद्धा सारख्या चकत्या पाडतं. कारण किसणीला सपाट पाटा आहे, पाट्याला एक फट आहे आणि त्या फटीतून पात्याची धार अगदी किंचित वर आलेली आहे. बटाटा पाट्यावर टेकलेला असल्यामुळे त्याला त्याहून खोल जाताच येत नाही. आता ही किसणी उलटी करा आणि बटाट्याच्या जागी फळी ठेवा. झाला रंधा. युरोपातले लाकडी पिंपं बनवणारे कारागीर तर त्यांचा भला लांब रंधा खरोखरच धार वर करून ठेवत आणि पिंपाच्या फळ्या त्याच्यावरून सरकवत.

सुताराच्या पेटीत विळीच्या जागी असते ती पटाशी. पटाशी म्हणजे मोकळी धार. लाकडात रेषे असतात हे आपण जाणतोच. झाड वाढतं तसे ते उभे वाढतात, पण अगदी सरळ कधीच नसतात. फांदीला वळसा घालतात, कुठं वर येतात, कुठं आत जातात. मोकळी धार अशा लाकडात शिरली की रेषा नेईल तिकडे जाते. रेषा आत वळत असेल तर धार आत जाते, लाकूड धारेच्या पुढं पुढं फाटत जातं आणि फळीवरून ढलपी निघते. रंध्याचं पातं काढून नुसतं हातात घेतलंत तर ती एक रुंद पटाशीच आहे. बाकी रंध्याला जे काही आहे, ते सगळं या पटाशीला आवरून धरण्यासाठी आहे. कापण्याचं काम एकट्या पात्याचं. उरलेले सगळे भाग त्याला सांगत असतात : एवढंच, याच्या पुढं नाही.

त्यातला पहिला भाग म्हणजे तळ, फळीवरून घासत जाणारी सपाट बाजू. रंधा चांगला की वाईट हे आधी तळावर ठरतं. तळाची लांबीही उगीच ठरलेली नसते. फळीवर उंचवटे आणि खळगे असतात. आखूड रंधा खळग्यात उतरतो आणि उंचवट्यावर चढतो, एखाद्या होडीनं लाटेबरोबर वरखाली व्हावं तसा. तो फळी गुळगुळीत करतो पण सरळ करत नाही. लांब रंधा मात्र दोन उंचवट्यांवर पुलासारखा टेकतो. त्याचं पातं खळग्यापर्यंत पोचतच नाही. प्रत्येक फेरीत फक्त उंचवट्यांचे माथे निघतात, आणि अखेर जेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड सालपट निघतं तेव्हा समजायचं, फळी सरळ झाली. म्हणून घासून साफ करायचा रंधा साधारण ९ ते १० इंचांचा, सगळ्या कामांना चालणारा १४ इंचांचा आणि दोन फळ्या एकमेकींना जोडण्यासाठी त्यांच्या कडा सरळ करायचा २२ इंचांचा किंवा त्याहून मोठा. अनेकांना वाटतं की मोठा रंधा जास्त लाकूड काढत असेल. त्याचा मोठेपणा आहे तो न काढण्यात.

तळाला एक फट असते. तिला तोंड म्हणायचं. पात्याची धार इथून बाहेर डोकावते आणि निघालेलं सालपट इथूनच वर जातं. धारेच्या अगदी पुढं तोंडाची जी कड असते ती लाकूड दाबून धरते. लाकूड धारेपुढं फाटू पाहतं, पण वरून दाब असल्यामुळे त्याला उचलायला जागा मिळत नाही. तोंड अरुंद तितका हा दाब धारेजवळ आणि तितकं काम साफ. पण फारच अरुंद केलं तर जाड सालपट त्यात अडकतं आणि रंध्याचा घसा बसतो. लाकडी रंधा वर्षानुवर्षं घासून झिजतो तो आधी इथंच. तोंड मोठं होत जातं आणि जुना इमानी रंधा ढलप्या काढायला लागतो. मग सुतार तोंडापुढं चिवट लाकडाचा एक तुकडा बसवून ते पुन्हा लहान करतो.

आता पातं. ते रंध्यात तिरकं बसतं, बहुतेक रंध्यांत ४५ अंशांवर. त्याच्या टोकाला एका बाजूनं उतार दिलेला असतो. सहाणेवर घासून तो साधारण २५ अंशांचा करतात आणि मग अगदी टोकाला ३० अंशांची बारीक धार लावतात. याहून निमुळती केली तर ती तीक्ष्ण होते खरी, पण सागवानातल्या एका गाठीवर तिचा तुकडा पडतो. सागाच्या लाकडात मुळात वाळूसारखी कणी असते, ती धारेला लवकर खाते. साग घासणारा सुतार दिवसातून अनेकदा दगडाकडे वळताना दिसतो तो त्यामुळे. धार लावताना पात्याचे दोन्ही कोपरे किंचित जास्त घासतात. तसं केलं नाही तर प्रत्येक फेरीच्या कडेला फळीवर एक बारीक पायरी उमटते. डोळ्याला ती दिसत नाही, पण पॉलिश लावलं की लगेच उठून दिसते.

पातं तळाच्या बाहेर किती यावं? वर्तमानपत्राच्या कागदाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. शेवटचा हात फिरवताना सालपट तेवढं किंवा त्याहून पातळ असतं. चाचा रंधा उलटा करून डोळ्यासमोर धरत आणि तळावरून नजर टाकत. एक काळी बारीक रेघ दिसली की म्हणत, "बस."

रंध्यात पाती दोन असतात, हे मला फार उशिरा कळलं. कापणाऱ्या पात्याच्या पाठीवर दुसरं एक लोखंडी पान घट्ट बसवलेलं असतं. ते काही कापत नाही. त्याचं टोक धारेपासून केसभर मागं असतं. युरोपात नि अमेरिकेत हे दुहेरी पातं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरलं. फिलाडेल्फियात १७६७ साली त्याची जाहिरात छापली गेली होती. सालपट पुढं फाटत निघालं की धारेवरून वर चढताना या दुसऱ्या पानावर आपटतं आणि मोडून पुढं वळतं. एकदा मोडलं की त्याच्यात लाकूड उचकटण्याची ताकद उरत नाही. पूर्वीच्या कारागिरांना हे हातानं कळलेलं होतं. पुढं कारखान्यातली यंत्रं आली, हातकाम मागं पडलं आणि पुस्तकांतून असं लिहिलं जाऊ लागलं की हे दुसरं पान फक्त पातं थरथरू नये म्हणून आहे. अनेकांनी ते धारेपासून दोन-दोन मिलिमीटर मागं बसवलं आणि उलट्या रेषेवर ढलप्या निघाल्या की लाकडाला दोष दिला.

या गोष्टीचा निकाल लागला जपानमध्ये. यामागाता विद्यापीठातले कावाई आणि कातो या दोघांनी कापणाऱ्या धारेचं अगदी जवळून चित्रण केलं. त्यात दिसतं की दुसरं पान लांब असताना लाकूड धारेच्या कितीतरी पुढं उकलत जातं. तेच पान धारेपासून मिलिमीटरच्या एक ते तीन दशांश भागांवर आणलं की उकलणं थांबतं. सालपट सरळ वर उभं राहतं आणि खालचा पृष्ठभाग स्वच्छ. हे चित्रण २०१२ मध्ये पाश्चात्त्य सुतारांच्या पाहण्यात आलं आणि त्यांच्यात मोठी खळबळ उडाली. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा साधा कारागीर जे जाणत होता ते पुन्हा शिकायला कॅमेरा लागला. मला या गोष्टीचं नवल वाटतं आणि थोडं वाईटही. ज्ञान हातात असतं तोवर त्याला पुरावा लागत नाही. हात गेले की ते पुस्तकात चुकीचं लिहिलं जातं आणि ते तपासायला कुणी उरत नाही.

ही दोन्ही पाती जागेवर धरते ती पाचर. आपल्याकडचा रंधा म्हणजे शिसव किंवा बाभळीसारख्या चिवट लाकडाचा ठोकळा. त्याच्या पोटात तिरकी खाच, खाचेत पाती आणि वरून ठोकलेली लाकडी पाचर. ना स्क्रू, ना नट. पातं बाहेर काढायचं तर त्याच्या डोक्यावर हातोडीचा हलका टोला. आत घ्यायचं तर ठोकळ्याच्या मागच्या बाजूला टोला, म्हणजे पातं मागं सरकतं. पातं एका कोपऱ्यानं जास्त आलं असेल तर त्याच्या बाजूवर टिचकीएवढा टोला. इथं सगळा कारभार कानावर चालतो. पाचर घट्ट बसली की टोल्याचा आवाज बदलतो, भरल्या घागरीचा आणि रिकाम्या घागरीचा बदलतो तसा. फळीवरून जाणारा रंधाही बोलत असतो. नीट चालला तर एक लांब, अखंड, रेशमी आवाज येतो. धार बोथट झाली की आवाज दबतो. उलट्या रेषेवर गेला की तडतड होते आणि सुतार न पाहताच फळी फिरवून घेतो.

लोखंडी रंध्याची गोष्ट वेगळी. बोस्टनच्या लेनर्ड बेली या कारागिरानं १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १८६९ मध्ये स्टॅनले कंपनीनं त्याचे हक्क विकत घेतले. आज बाजारात जे लोखंडी रंधे मिळतात त्यांतले बहुतेक याच घडणीचे. त्यात पात्याच्या खाली एक तिरका ओतीव तुकडा असतो. इंग्रज सुतार त्याला 'फ्रॉग', म्हणजे बेडूक म्हणतात. पाचरीच्या जागी एक कळ आली. ती दाबली की पाती पक्की. मागं एक पितळी चाक आलं. ते बोटानं फिरवलं की पातं बाहेर किंवा आत. पातं डावी-उजवीकडे कलतं करायला एक छोटी दांडीही आली. हातोडीनं जे साधायला दोन वर्षं लागत ते नवशिक्याला एका दुपारी जमू लागलं. जुने लोक म्हणतात की त्यानं कान गेला. मला तसं वाटत नाही. लाकडी रंधा आमच्या कोल्हापूरच्या पावसात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो आणि दरवेळी त्याचा तळ पुन्हा सारखा करावा लागतो. लोखंडाला ती कटकट नाही. त्याला फक्त गंज चढतो. त्यावर उपाय तेलाचं एक फडकं.

मागं मूठ आणि पुढं एक गोल गठ्ठू. हे दोन भाग नुसते धरायला आहेत असं वाटतं, पण ते दाबायलाही आहेत. फेरी सुरू करताना जोर पुढच्या हातावर, मध्ये दोन्हींवर सारखा, संपताना मागच्या हातावर. हे साधलं नाही तर रंधा फळीच्या दोन्ही टोकांना डोकं खाली घालतो आणि फळी कासवाच्या पाठीसारखी होते. जपानी सुतार तर रंधा ढकलत नाही, स्वतःकडे ओढतो. त्यांचा रंधा म्हणजे ओकचा चपटा ठोकळा आणि त्यात जाडजूड पातं. मूठ नाहीच. तिथं सालपट किती पातळ निघतं याच्या स्पर्धा भरतात आणि दहा मायक्रॉनहून पातळ सालपटं निघतात. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. ढकला किंवा ओढा, आतली रचना तीच. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात लोखंडी तळाचे रंधे सापडले. त्यांनाही तळ, तोंड, पातं आणि पाचर आहे.

आपल्या गावगाड्यातल्या सुताराचं मुख्य हत्यार मात्र वाकस. नांगराला आणि तिफणीला रेशमी पृष्ठभाग लागत नाही, तासलेलं पुरतं. रंध्याचं राज्य दारं, खिडक्या, पेट्या, पलंग आणि देव्हारे यांच्यावर. आणि ते राज्य आता बरंचसं गेलं आहे. घरात लाकडाच्या जागी प्लायवूड आलं. प्लायवर रंधा चालत नाही. त्याचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात आणि मधलं सरस धार खाऊन टाकतं. उरलेल्या कामाला विजेचा रंधा आला. त्याच्या पोटात पाती लावलेला रूळ मिनिटाला १५-१६ हजार फेऱ्या घेतो. तासाचं काम पाच मिनिटांत होतं, खांदे वाचतात. ज्यानं दिवसभर हातानं साग रंधला आहे त्याला कुणी हातकामाचं सौंदर्य सांगू नये.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हातरंध्यानं लाकडाचं सालपट निघतं. ते पायाशी पडतं, संध्याकाळी गोळा करून चुलीत घालतात. यंत्राच्या रंध्यानं बारीक कपच्या आणि भुसा उडतो. फिरत्या पात्यांनी फळीवर बारीक लाटा राहतात, त्या घालवायला पुन्हा काचकागद किंवा घासायचं यंत्र. त्यातून निघते ती पिठासारखी धूळ. ती खाली पडत नाही, हवेत तरंगते आणि नाकात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणारी म्हणून जाहीर केली. धोका मुख्यतः नाकाच्या आणि त्याच्या आसपासच्या पोकळ्यांचा. आपल्याकडे सदनिकेत फर्निचरचं काम चालू असतं तेव्हा दारं-खिडक्या बंद असतात, शेजाऱ्यांच्या घरात धूळ जाऊ नये म्हणून. आत चार मुलं त्या धुळीत दिवसभर काम करतात आणि रात्री तिथंच झोपतात. तोंडाला रुमालसुद्धा नसतो, आणि असला तरी त्या धुळीपुढं रुमाल काही कामाचा नाही. काम देणाऱ्यानं यंत्राला धूळ ओढणारी पिशवी जोडायला सांगावी, माणसाला खरा मुखवटा द्यावा, आणि जिथं अस्सल लाकडाची कड किंवा चौकट आहे तिथं शेवटचा हात रंध्यानंच मारायला सांगावं. चांगल्या धारेचा रंधा फिरलेल्या लाकडाला काचकागद जवळजवळ लागतच नाही. त्याचे चार पैसे जास्त होतील. ते द्यावेत.

घरात रंधा ठेवायचा असेल तर एक काम तो नक्की देईल. पावसाळ्यात दार अडकतं. लाकूड ओल घेतं आणि रेषेला आडवं फुगतं. लांबीत ते फारसं बदलत नाही. म्हणून दार रुंदीत अडकतं, उंचीत क्वचितच. जुलैमध्ये चिडून भराभर रंधा मारू नये. तेवढ्याच रुंदीची फट मग एप्रिलमध्ये दिसते. जिथं घासल्याची खूण आहे तिथंच दोन-तीन पातळ सालपटं काढावीत, दार लावून पाहावं, गरज असेल तरच पुन्हा. आणि रंधलेल्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग द्यावा, नाहीतर त्या उघड्या कडेतूनच लाकूड आणखी ओल पितं.

जुना रंधा मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अजून मिळतो. घेताना गंजाकडे फार पाहू नका, तो निघतो. तळावर पट्टी आडवी-उभी धरून उजेडाकडे करून पाहा. पट्टीखालून उजेड दिसू नये. तोंडाच्या कडेला टवका उडालेला नसावा. पात्याची लांबी पाहा. वर्षानुवर्षं धार लावून ते आखूड झालं असेल तर त्यात फार दिवस उरलेले नाहीत. दोन्ही पाती सोडवून घ्या आणि दुसऱ्या पानाचं टोक पहिल्यावर सगळीकडे टेकतं का ते तपासा. मध्ये फट असेल तर तिथं सालपट शिरतं आणि रंधा तुंबतो. घरी आणल्यावर आधी धार, मग तळाला मेणबत्तीच्या दोन रेघा. काम झालं की तो तळावर ठेवू नका, कुशीवर ठेवा. रात्रभर ठेवायचा असेल तर पाचर जरा सैल करा.